नावाची लांबी कशात मोजायची?

१९८१ साली एमएस-डॉस आली तेव्हा फाइलच्या नावाला आठ आणि तिचा प्रकार सांगायला तीन, एवढीच जागा असे. आठ म्हणजे आठ बाइट. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात बसते, त्यामुळे अक्षर आणि बाइट यांत फरक करण्याची अमेरिकेत कुणाला गरजच वाटली नाही.

ती जपानमध्ये पडली. एका बाइटात २५६ वेगळे संकेत होतात, जपानी लिपीत तर हजारो चित्राक्षरे. म्हणून शिफ्ट-जिस या संकेतप्रणालीत प्रत्येक चित्राक्षराला दोन बाइट दिले. झाले, आठाची चार अक्षरे उरली! त्याहून मोठी पंचाईत पुढेच होती. काही चित्राक्षरांचा दुसरा बाइट ९२ येतो आणि डॉसमध्ये ९२ हा फोल्डरांची नावे वेगळी करणाऱ्या तिरप्या रेघेचा संकेत. ‘तक्ता’ या अर्थाचे ‘ह्यो’ हे त्यांतलेच. जपानीची जाण नसलेला प्रोग्राम अशा नावाचे मध्येच दोन तुकडे करी आणि नसलेला फोल्डर शोधत बसे.

१९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत रचली. इंग्रजीचा एक बाइट तसाच ठेवला. बाकी लिपींच्या अक्षरांतला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा, त्यामुळे तिरप्या रेघेचा घोटाळा मिटला. लांबीचा मात्र वाढला. चिनी-जपानी अक्षरांना बहुधा तीन बाइट लागतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हालाही तीनच.

फळ्यावर ‘विद्यार्थी’ लिहून मुलांना मोजायला सांगा. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात. संगणक मात्र व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी अशी दहा चिन्हे साठवतो. १९९१ च्या भारतीय इस्की प्रमाणात त्यांना १० बाइट पुरत. यूटीएफ-८ मध्ये ३० लागतात.

हे सारे उघडे पडते ते बॅकअप घेताना, कारण तेव्हा फाइल एका हिशेबातून दुसऱ्या हिशेबात जाते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (१९९३) नावात देवनागरीची २५५ चिन्हे चालतात. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे ८५ चिन्हे. त्यातही ईक्रिप्टएफएसने नावे कुलूपबंद करण्याची सोय २००९ मध्ये लिनक्समध्ये आली. कुलूपबंद नाव मुळापेक्षा लांब होते, म्हणून मूळ नावाला १४३ बाइटच उरतात: जपानी ४७ अक्षरे. ‘विद्यार्थी’ पाच वेळा लिहिला तर तोही मावत नाही. मूळ फाइल जागेवर शाबूत असते, प्रतीत ती उतरत नाही. प्रोग्रामने तशी नोंद केली, तरी ती बहुधा वाचली जाते मूळ डिस्क बिघडल्यावर.