गालिबच्या रस्त्यावर राहून गेलेली माणसे

आम्ही मुंबईतल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. सातवी-आठवीच्या वर्गात गालिबचा धडा आला की मुलांचे चेहरे खुलतात. त्यांच्यातली पुष्कळ मुले मिर्झा गालिब मार्गाच्या आसपास राहणारी. एका वर्षी धडा संपताच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, गालिब साहब किस बिल्डिंग में रहते थे?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. मग सांगितले की, बाबा, गालिब आग्र्यात जन्मले, दिल्लीत राहिले, पेन्शनीच्या कामासाठी कलकत्त्यापर्यंत गेले. पण मुंबईत त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. मुलगा हिरमुसला. त्याने लगेच दुसरा प्रश्न केला, "तो फिर यहाँ रहता कौन था?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की इतिहासाची सुरुवात मुलाच्या दारापासून करावी. ते आम्ही परीक्षेत लिहिले, गुण मिळवले आणि विसरलो. त्या मुलामुळे आम्ही त्या दारापाशी परत गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

भायखळ्याहून नागपाड्याकडे जाणारा हा रस्ता जुन्या माणसांच्या तोंडी आजही 'क्लेअर रोड' आहे. हे अर्ल ऑफ क्लेअर १८३१ ते १८३५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. 'भायखळा' हे नाव मात्र अस्सल मराठी. कोणी म्हणतात भायाचे खळे, कोणी म्हणतात बहाव्याच्या झाडांचे खळे. काहीही असो, मळणीच्या खळ्याची आठवण त्यात राहून गेली आहे. नागपाड्यातला 'पाडा'ही तसाच. म्हणजे गव्हर्नरसाहेबांच्या आणि गालिबसाहेबांच्याही आधी इथे शेतकरी होता.

नागपाड्याला मिळणारा दुसरा रस्ता बेलासिस रोड, आताचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग. त्याची कथा आम्हाला फार बोलकी वाटते. १७९३ साली दुष्काळाने सुरतेकडून हुसकलेली गोरगरीब माणसे मुंबईत आली. लोकांनी वर्गणी काढली आणि त्या माणसांना काम मिळावे म्हणून हा रस्ता बांधून घेतला. नाव लागले मेजर जनरल बेलासिस यांचे. खडी फोडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठे नाही. पण या वस्तीचा पायाच परगावाहून पोटासाठी आलेल्यांनी घातला, एवढे त्यातून कळते.

नंतरही येथे येणारे बाहेरूनच आले. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आपले माग घेऊन मदनपुऱ्यात उतरले. आज आमच्या शाळांत जी उर्दू ऐकू येते ती बव्हंशी त्यांच्या मागांबरोबर आलेली. भायखळ्याला रेल्वे होती. म्हणून रेल्वेत नोकरी करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. क्लेअर रोडवरचे ख्राइस्ट चर्च १८३०च्या दशकातले. अँग्लो-इंडियन मुलांसाठी भायखळ्यात चालणाऱ्या शाळेचा संसार १९२५ साली देवळालीला हलला आणि तिथे ती बार्न्स स्कूल झाली. पारशी होते, इराणी हॉटेलवाले होते, गोव्याहून आलेले ख्रिस्ती होते. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने 'नागपाडा नेबरहुड हाऊस' हे समाजकेंद्र उघडले. क्लिफर्ड मॅन्शार्ड त्याचे प्रमुख. आज देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा जन्म १९३६ साली याच केंद्रात झाला, हे आमच्या मोहल्ल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही चाळिशी जवळ आल्यावर कळले.

आणि यहुदी होते. बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. १८६०च्या दशकात त्यांनी भायखळ्याला मागेन डेव्हिड हे सिनेगॉग बांधले. पुण्याचे लाल देऊळही त्यांचेच. आज मसीना हॉस्पिटल आहे तो ससून यांचा बंगला. त्यांच्यामागे बगदादी यहुदी या वस्तीत आले. त्यांची भाषा अरबी, पुढे इंग्रजी. बेने इस्रायली मात्र आपल्या कोकणातले. तेलघाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांची मायबोली मराठी. ते आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत. १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बांधलेले त्यांचे पहिले सिनेगॉग अजूनही 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते. आग्रीपाड्यात १९३१ साली त्यांनी आणखी एक उभारले. आपण मराठी मुसलमान 'तुम्ही मराठी कसे बोलता?' हा प्रश्न जन्मभर ऐकत असतो. हाच प्रश्न त्यांनाही विचारला जात असणार. या बाबतीत ते आमचे सख्खे भाऊ.

अशा या रस्त्यावर सआदत हसन मंटो राहायला आले. १९३६ साली 'मुसव्विर' या उर्दू साप्ताहिकाच्या संपादनासाठी ते मुंबईत उतरले. १९३९ मध्ये सफियाबेगमशी लग्न झाले. पुढे क्लेअर रोडवरच्या अ‍ॅडेल्फी चेंबर्समध्ये त्यांचे बिऱ्हाड होते. अहमद नदीम कासमी यांना पाठवलेल्या पत्रांवर हाच पत्ता आढळतो. मध्यंतरी ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीसाठी ते दिल्लीला गेले, १९४२ मध्ये परत आले. मग फिल्मिस्तान, बॉम्बे टॉकीज. नागपाड्याच्या सर्वी हॉटेलात ते कबाब खायला येत, असे तिथली जुनी मंडळी सांगतात.

मंटोंनी हा परिसर कथांतून लिहून ठेवला. त्यांची 'मोजेल' ही कथा आम्हाला दरवेळी अस्वस्थ करते. मोजेल ही मुंबईतली यहुदी तरुणी, बेफिकीर, कोणाचे न ऐकणारी. त्रिलोचन हा शीख तरुण तिच्यावर जीव टाकतो; ती त्याची आणि त्याच्या दाढी-पगडीची थट्टा करते आणि लग्नाच्या ऐन वेळी निघून जाते. पुढे फाळणीच्या दंगली पेटतात. त्रिलोचनची वाग्दत्त वधू कृपाल कौर मुसलमानांच्या मोहल्ल्यात अडकलेली असते. तिला सोडवायला मोजेल त्याच्याबरोबर जाते. जमाव दाराशी आल्यावर आपला लांब झगा ती कृपालच्या अंगात घालते, म्हणजे ती यहुदी म्हणून सुटेल. स्वतः जिन्यावरून कोसळते आणि मरते. कथा कल्पित आहे, पण अशा इमारती, अशी माणसे आणि असा मोहल्ला मंटोंनी रोज पाहिला होता. त्या कथेतला जमाव आमच्या मोहल्ल्यातला आहे. हे वाक्य लिहिताना आमचा हात थोडा थांबला. पण इतिहास लिहायला बसल्यावर तो वगळता येत नाही.

त्याच दिवसांतला दुसरा प्रसंग मंटोंनी अशोककुमार यांच्यावरील लेखात सांगितला आहे. अशोककुमार त्यांना मोटारीने घरी सोडायला निघाले. जवळचा रस्ता म्हणून त्यांनी गाडी थेट मुसलमान मोहल्ल्यात घातली. समोरून वरात आली. मंटोंच्या छातीत धस्स झाले. अशोककुमारला इथे काही झाले तर आपण जगाला काय तोंड दाखवणार, या भीतीने त्यांना कापरे भरले. लोकांनी मोटार ओळखली, पुढे आले आणि अशोकभाईंना इतकेच सांगितले की पुढे वाट मिळणार नाही, बाजूच्या गल्लीतून जा. मोजेलचा जमावही आमचाच आणि अशोकभाईंना वाट दाखवणारे हातही आमचेच. दोन्ही खरे मानले तरच या रस्त्याचा हिशेब जुळतो.

वाट दाखवणारे हात असूनही मंटो राहिले नाहीत. बॉम्बे टॉकीजमध्ये मुसलमान नोकरांविरुद्ध धमकीची पत्रे येऊ लागली. मित्र होते, तरी मन उडाले. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला निघून गेले. मुंबईची आठवण तिथे त्यांनी जन्मभर काढली. सोहराब मोदींचा 'मिर्झा गालिब' १९५४ साली पडद्यावर आला. त्या चित्रपटाची कथा मंटोंची होती, संवाद राजिंदरसिंग बेदी यांचे. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मंटो १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरात वारले. पुढे क्लेअर रोडचे नामांतर झाले. जे गालिब इथे कधी आले नाहीत त्यांचे नाव पाटीवर चढले. त्या गालिबला पडद्यावर आणणारा लेखक याच रस्त्यावर राहत होता, पण पाटी वाचून ते कोणाला कळत नाही. गालिबच्या नावाचा आम्हाला आनंदच आहे. आमची तक्रार पाटीबद्दल नाही, पाटी वाचून थांबणाऱ्या आमच्या नजरेबद्दल आहे.

मंटोंच्या पाठोपाठ इतरही गेले. १९४८ नंतर बेने इस्रायली आणि बगदादी कुटुंबे इस्रायल, इंग्लंड अशी पांगली. अँग्लो-इंडियन ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला गेले. साऱ्या देशात यहुदी आता पाच हजारांच्या आत उरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. १९९२-९३च्या दंगलींनी तर मुंबईभर माणसे आपापल्या जमातीच्या वस्त्यांत ढकलली. आपली कितीतरी घरे मुंब्र्याला गेली, आणि मिश्र वस्त्यांतली इतर जमातींची घरे दुसरीकडे. एक जमात जाते, रिकामी खोली पागडीवर दुसरी घेते. दोन पिढ्यांनी नातवंडांना वाटते की हा मोहल्ला पहिल्यापासून आपलाच होता.

जाणाऱ्यांनी मागे काही ठेवले. मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावाने चालणाऱ्या शाळा आहेत. यहुदी मुलांसाठी सुरू झालेल्या त्या वर्गांत आज बहुतेक मुले मुसलमानांची आहेत. जगात इतरत्र यहुदी आणि मुसलमान यांच्या नावाने काय काय चालले आहे ते आपण रोज वाचतो, त्याने जीव कासावीस होतो. इथे मात्र यहुदी दात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या बाकांवर आपली लेकरे पाढे म्हणतात. त्या उपकाराची नोंद आपल्या कुठल्या जलशात झाली आहे का?

त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला एक काम दिले. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, तुमच्या खोलीत तुमच्या आधी कोण राहत होते? दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांनी लिहून आणले, "मालूम नहीं." काहींनी आणले, "एक नर्स मेम", "रेल्वेवाला साहब". एका मुलीच्या नानीने सांगितले होते की खालच्या मजल्यावरची यहुदी बाई शुक्रवारी मगरिबच्या सुमारास वर हाक मारायची. त्यांच्या शब्बाथला विस्तव पेटवणे मना. नानी तेव्हा लहान होती. ती जाऊन शेगडी पेटवून यायची आणि मुठीत खाऊ घेऊन परतायची. बाई कधी गेली, कुठे गेली, नानीला आठवत नव्हते. शेगडी कुठल्या कोपऱ्यात होती ते मात्र आठवत होते.

आपण मराठी मुसलमान एक दुःख सतत मांडतो, आणि ते खरे आहे, की इतिहासाच्या पुस्तकांतून आपली माणसे गळाली, गावांच्या आणि रस्त्यांच्या आठवणींतून आपण पुसले गेलो. हे दुःख मांडणाऱ्याने आधी स्वतःच्या जिन्यात पाहिले पाहिजे. तिथे राहून गेलेल्या मोजेलला, त्या नर्सबाईला आपण किती सहज पुसले! ज्याने आपल्या घरातली दुसऱ्याची खूण जपली, त्यालाच दुसऱ्याच्या पुस्तकात आपली खूण मागण्याचा हक्क पोहोचतो.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मध्यंतरी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, हमारे बिल्डिंग के जीने पर एक पुराना नाम खुदा हुआ है, अंग्रेजी में. रंगवाले ने पूछा, मिटा दूँ? मैंने कहा, रहने दे."