ड्रॅक्युला आणि दप्तर

भुताखेतांच्या वाङ्मयाकडे आपले शिष्ट रसिक सहसा वळत नाहीत. वळलेच तर आगगाडीच्या डब्यात, ओळखीचे कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेऊन. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ अनेकांनी अशीच वाचलेली असते. मग ध्यानात राहतो तो रात्री शवपेटीतून उठून रक्त शोषणारा ट्रान्सिल्व्हानियाचा उमराव आणि त्याच्याशी झुंजणारी पाच-सहा माणसे. ही कादंबरी एका माजी सरकारी नोकराची आहे, ही गोष्ट मात्र नजरेआड होते. आणि माझ्या मते तिची किल्ली तेथेच आहे.

स्टोकरचा जन्म १८४७ साली डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. वडील डब्लिन कॅसल या ब्रिटिश कारभाराच्या मुख्य कचेरीत कारकून. मुलगाही तेथेच लागला आणि पुढे कनिष्ठ फौजदारी न्यायालयांच्या कारकुनांवरचा तपासनीस झाला. त्याचे पहिले पुस्तक भुतांचे नव्हे, या कारकुनांच्या कर्तव्यांचे! ते १८७९ साली निघाले, तोवर स्वारी नोकरी सोडून लंडनला हेन्री आयर्विंग या विख्यात नटाच्या नाट्यगृहाची व्यवस्था पाहू लागली होती.

१८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबी या बंदराच्या गावी राहिला. तेथील ग्रंथालयात वालेशिया आणि मोल्डाविया या प्रांतांविषयीचे विल्किन्सनचे १८२० सालचे पुस्तक त्याने चाळले आणि त्यात ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला सापडले. त्या भाषेत याचा अर्थ सैतान, अशी तळटीपही सापडली. १८८५ साली त्याच किनाऱ्यावर लागलेल्या ‘द्मित्री’ या रशियन जहाजाची हकीकत त्याने टिपून घेतली व कादंबरीत तिचे ‘देमेतेर’ केले. ट्रान्सिल्व्हानिया त्याने कधीच पाहिला नाही. तो सारा टिपणांतून उभा राहिला. ही टिपणे आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली.

आता तिच्यातली लढाई पाहा. क्रूस आणि लसूण आहेतच. पण शत्रूचा माग काढतात ते कागद. मिना हार्कर ही शिक्षिका सर्वांच्या रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे यंत्रावर टंकून तारखेवार लावते, एका वेळी तीन प्रती काढते. काउंटने मातीच्या पन्नास पेट्या लंडनला आणल्या, त्यांचा शोध वकिलाकडील पत्रव्यवहार, बीजक आणि वाहतूकदारांच्या जबान्या यांवरून लागतो. एकोणपन्नास निकामी होतात, एक उरते. तिच्या जहाजाची खबर लॉइड्सच्या तारांनी कळते. वार्ना बंदरी वाट पाहत बसावे, तर जहाज गालात्झला पोहोचलेले! (शेवटच्या झटापटीत काउंटच्या गळ्यावर चालते ती हार्करची कुकरी. हे गुरख्यांचे हत्यार तेथे कसे पोचले, ते साम्राज्यालाच विचारावे.)

प्रतिपक्षही काही अडाणी नव्हे. काउंटच्या वाड्यात लंडनची निर्देशिका, वकिलांची यादी, रेल्वेचे वेळापत्रक हे सारे असते. आपल्या मुलखात आपण सरदार, परमुलखात मात्र कोणीच नाही. बोलण्यावरून परका ओळखू येऊ नये, ही त्याची चिंता. दूरच्या प्रांतात बदली होऊन गेलेल्या वाचकाला त्या एका पानावर या राक्षसाविषयी नको तितकी सहानुभूती वाटण्याचा संभव आहे. आणि कागदाची धास्ती त्याला पुरेपूर असते. हार्करचे लघुलिपीतील पत्र वाचता येत नाही, म्हणून तो ते दिव्यावर जाळतो. पुढे डॉक्टर सेवर्डच्या खोलीत शिरून हस्तलिखित आणि ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळ्या आगीत टाकतो. पण दुसरी प्रत तिजोरीत असते. सबंध कादंबरीत मला सर्वांत थरारक वाटतो तो हाच क्षण.

स्टोकरमधला तपासनीस मात्र येथे थांबत नाही. सात वर्षांनी हार्कर ते दप्तर पुन्हा उघडतो, तेव्हा त्यात अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ एकही नसतो. उरलेला असतो टंकलेल्या नकलांचा गठ्ठा. आणि एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा, असे म्हणण्याचा धीर प्रत्यक्ष लढलेल्यांनाही होत नाही.