दारूचा पैसा आणि गावची शाळा



विलायतेतल्या खेड्यापाड्यांत एक रीत आहे. तिथल्या गावात 'पब' असतो. पब म्हणजे निव्वळ दारूचा गुत्ता नव्हे, गावकऱ्यांची संध्याकाळी बसण्याउठण्याची ती जागा असते. वर्षातून एखादे वेळी तिथे पेयांची जत्रा भरते. तऱ्हेतऱ्हेची बिअर आणि सफरचंदाची 'सायडर' मांडतात, गाणीबजावणी होते आणि जमलेला पैसा रुग्णालयाला किंवा एखाद्या धर्मादाय कामाला देतात. ही चाल आजकालची नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथल्या चर्चचे कारभारी घरोघरचे धान्य गोळा करून बिअर तयार करीत, सणाच्या दिवशी ती विकीत आणि त्या पैशातून चर्चचे छप्पर शाकारीत, गोरगरिबांना मदत करीत. पुढे कडव्या सुधारकांनी ओरड केली की, या जत्रांत धर्म राहतो बाजूला आणि धिंगाणाच जास्त होतो.

आता तुम्ही म्हणाल, हे विलायतेचं पुराण पिंपळगाव राजाच्या माणसाला कशाला? सांगतो. प्यायचे ते पिऊन त्या पैशातून चांगले काम उभे करायचे, हा प्रकार आपल्याकडेही चालत आला. फरक इतकाच, की तिथे जत्रा भरवणारा गावचा पबवाला असतो, आणि इथे हा कारभार खुद्द सरकारने मांडला होता. त्याचे नाव आबकारी.

इंग्रजांच्या अमलात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेतला. मुंबई इलाख्यात 1878 साली त्यासाठी खास कायदा झाला. पुष्कळ ठिकाणी दुकानांचे लिलाव होत. ज्याची बोली मोठी त्याला दुकान मिळे, आणि बोलीचा पैसा भरून काढायचा तर गिऱ्हाईक वाढवणे त्याला भागच पडे. कित्येक प्रांतांत आबकारीचे उत्पन्न जमीन-महसुलाच्या खालोखाल मोठे झाले. हा पैसा आला कुठून? मजुराच्या रोजातून, कुळाच्या कापसाच्या पैशातून आणि घरच्या बाईच्या मोडलेल्या डागातून.

हे ओळखणारी माणसे आपल्यात नव्हती असे नाही. महात्मा जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहिले. आणि दोनच वर्षांनी, 1882 मध्ये, हंटर कमिशनपुढे याच जोतिरावांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तेव्हा त्यातून आधी रयतेची मुले शिकली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. दारूचे दुकान नको आणि शाळा हवी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने मागितल्या, हे ध्यानात ठेवा. पुढे 1908 साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांची समजूत घालू लागले.

खरी मेख बसली ती 1919 च्या कायद्याने. त्या कायद्याने प्रांतांत लोकनियुक्त मंत्री आले. त्यांच्याकडे शिक्षण आले, आरोग्य आले आणि आबकारीही आली. म्हणजे खर्चाची खाती दिली आणि मिळकतीला दारू दिली! मंत्र्याला शाळा काढायची तर लोकांनी प्यायला हवे, आणि लोकांनी सोडली तर शाळेच्या पैशाला कात्री लागणार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावे, तसे गरिबाच्या संसारावर हे तुळशीपत्र होते.

1937 च्या जुलैत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. आपला बुलढाणा जिल्हा त्या वेळी 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात मोडत होता. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले आणि पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री. दारूबंदीचे वचन तर काँग्रेसने दिलेले होते. मग शाळांचे काय? गांधीजींनी 'हरिजन' पत्रात याच प्रश्नावर बोट ठेवले. मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याजवळ दारूच्या उत्पन्नावाचून दुसरे काही उरू नये, याची त्यांना मोठी खंत वाटत होती. दारूबंदी सोडायची नाही, तेव्हा शिक्षणच आपल्या पायावर उभे करू, असा त्यांचा विचार.

त्यातूनच 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. शिक्षक मंडळींना ही परिषद 'नयी तालीम'ची किंवा मूलोद्योगी शिक्षणाची जन्मदात्री म्हणून ठाऊक असते. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषा आणि हाताने करायचा एक उद्योग, एवढे आपण पाठ करतो. पण तिच्या मुळाशी दारूचा पैसा हा प्रश्न होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या असेही झाले नाही. मुलांच्या सूतकताईतून शिक्षकाचा पगार काढावा, या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तिथेच विरोध केला. पुढे ज्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्या डॉ. झाकिर हुसेन यांनीही कमाईच्या बाजूवर फार जोर देण्यातला धोका दाखवला. तो धोका खराच होता. दारूड्या बापाच्या पैशावर शाळा चालू नये हे ठीक, पण म्हणून ती पोराच्या घामावर चालावी काय?

मग वेगवेगळ्या वाटा निघाल्या. शुक्लजींनी 'विद्यामंदिर' योजना आणली. गावातल्या दानशूराने शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे, अशी ती योजना होती. नावातल्या 'मंदिर' शब्दावरून मुस्लिम लीगने आक्षेप घेतला, आणि पाऊस चुकला तर पगारही चुकणार हे उघड होते. तरी दारूऐवजी भूमिदानावर शाळा उभी करण्याचा तो प्रयत्न होता. याच प्रांताने 1938 साली मोटारीच्या पेट्रोलवर विक्रीकर बसवला. तो वाद थेट फेडरल कोर्टात गेला आणि प्रांताचा हक्क मान्य झाला. मद्रासेत राजगोपालाचारींनी 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली आणि बुडालेले उत्पन्न भरून काढायला 1939 साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने 1939 च्या ऑगस्टमध्ये दारूबंदी सुरू केली आणि शहरातल्या घरमालकांवर कर बसवला. सांगायचे ते इतकेच की, मनात आणले तेव्हा दारूवाचून पैसा उभा करण्याच्या वाटा सापडल्या. पण 1939 च्या अखेरीस ही मंत्रिमंडळे गेली आणि ते काम अर्धे राहिले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. वऱ्हाड त्या राज्याला जोडला गेल्यावर 1959 मध्ये तो इकडेही लागू झाला. चोरटी भट्टी आणि हातभट्टीचे विष यांचा अनुभवही लोकांनी घेतला. पुढे परवान्यांची दारे हळूहळू उघडली. वर्धा आणि 1993 पासून गडचिरोली हे जिल्हे मात्र आजही दारूबंदीत आहेत.

आणि इतिहासाची गंमत पाहा. दारूच्या पैशाला पर्याय म्हणून जो विक्रीकर जन्मला, तोच पुढे दारूवरही बसला. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा राज्यांचे बहुतेक कर त्यात मिळाले, पण पिण्याची दारू त्याबाहेर ठेवली. म्हणजे राज्याला आपल्या हाताने कर बसवता येईल अशा थोड्या वस्तू उरल्या, त्यांत दारू आहेच. 1937 साली वर्ध्यात विचारलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.

विलायतेतल्या पबची जत्रा एका संध्याकाळची. तिथे देणारा कशासाठी देतो हे त्याला ठाऊक असते. आपल्या आबकारीत गरीब माणूस रोज देतो, आणि कशासाठी दिले हे त्याला कधी कळत नाही. म्हणून गुरुजनहो, आपल्या शाळेची भिंत कोणाच्या पैशातून उभी आहे, हा हिशेब मुलांना एकदा मांडून दाखवा. महाराष्ट्रात महिलांनी मागणी केली तर गावच्या दारूदुकानाबद्दल मतदान घेता येते, उभी बाटली की आडवी बाटली! त्या दिवशी कोणी म्हणेल, "दुकान गेले तर सरकारचे उत्पन्न बुडेल, मग शाळा कशा चालतील?" तेव्हा त्याला वर्ध्याची गोष्ट सांगा. शाळा आणि दुकान यांची गाठ आपणच बांधली आहे, आणि ती आपल्याला सोडवताही येईल.