कोतवालाची वही आणि वाड्याचा उंबरठा

पुण्याच्या इतिहासात शनिवारवाड्यातील खलबतांना जेवढी जागा मिळाली, तिच्या शतांशानेही कोतवालीच्या चावडीला मिळाली नाही, आणि जी मिळाली ती घाशीरामाच्या दुष्कीर्तीमुळे. वस्तुतः रयतेच्या नित्य जीवनाला सरकारचा हात लागे तो ह्या चावडीतूनच. पेशवाईच्या उत्तरार्धात शहर पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे सोपविलेली होती, त्यांत तंटे तोडणे, बाजारभाव राखणे, रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे कज्जे निकालात काढणे ह्यांच्या जोडीला शहरातील माणसांची खानेसुमारी करणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे हीही कलमे होती, व साऱ्या कारभाराचा दरमहाचा हिशेब सरकारी फडणिसांकडे रुजू करावा लागे. शहरात कोण आले आणि कोण निघून गेले हे जाणून घेणे हा आपला अधिकारच आहे, असे सरकारने अठराव्या शतकातच गृहीत धरले होते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. गस्तीच्या हाती जो सापडेल तो सकाळपर्यंत चौकीत. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने तर असे लिहून ठेवले आहे की, अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यांनाही एकदा ह्या शिस्तीने रात्रभर अडकवून ठेवले होते. गोष्ट खरी असो वा छावणीतली गप्प असो, ती सांगितली गेली आणि परक्याने विश्वासाने टिपून घेतली, एवढ्यावरून त्या तोफेचा दरारा कळतो.

परंतु खुद्द पेशव्यांवर पाळत होती ती कोतवालाची नव्हे, नाना फडणिसांची. नानांच्या हेरखात्याची थोरवी आपल्याकडे अभिमानाने गायिली जाते. निजाम, टिपू आणि संगमावरचा इंग्रज वकील मॅलेट यांच्या हालचाली त्यांना घरबसल्या कळत, हे राज्याच्या दृष्टीने भूषणावहच होते. मात्र तीच नजर घरात वळली म्हणजे काय होते, ह्याचा दाखला ग्रँट डफने दिला आहे. राघोबादादांचा पुत्र बाजीराव शिवनेरीवर नजरकैदेत असताना त्याने तेथील रखवालदार बळवंतराव नागनाथ याच्या द्वारे सवाई माधवरावांशी गुप्त पत्रव्यवहार जोडला. ऐन तारुण्यात असलेल्या पेशव्यालाही नानांच्या देखरेखीचा जाच वाटू लागलाच होता. त्यामुळे दोन कैद्यांमध्ये जमावा तसा जिव्हाळा दोघांत जमला. नानांना ते कळले. बळवंतराव कैदेत पडला, बाजीरावावरचा पहारा आवळला गेला, आणि दौलतीच्या धन्याला आपल्याच कारभाऱ्याकडून बोल ऐकून घ्यावे लागले. पुढे 1795 च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेले. त्या मृत्यूचे सारे खापर नानांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण राजकारण म्हणून उघडलेले पत्र दुसऱ्या कोणाचे तरी मन असते, एवढी जाणीव त्या असामान्य बुद्धीच्या पुरुषाला राहिली नाही, असे म्हणावे लागते.

घाशीरामाची कथा सर्वश्रुत असल्याने ती थोडक्यात सांगतो. 1777 पासून तो कोतवाल होता आणि त्याच्या अंमलाविषयी कुरबुर होतीच. पण शहर खवळून उठले ते 1791 च्या ऑगस्टात, त्याच्या माणसांनी कोंडून घातलेले एकवीस ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा. नानांनी त्याला जमावाच्या स्वाधीन केले, व जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवाल गेला, कोतवाली होती तशीच राहिली.

नोंदीविषयी उदासीन असलेले हेच पुणे उंबरठ्याविषयी किती हळवे आहे, हे 1897 साली दिसून आले. जुन्या वाड्याची रचनाच माणसामाणसांतील अंतर मोजून केलेली असे: दिंडीच्या आत देवडी, मग चौक, ओटी, तिच्यामागे माजघर, आणि अगदी आत स्वयंपाकघर व देवघर. व्यापारी ओटीपर्यंत, स्नेही माजघराच्या दारापर्यंत, आणि सोवळ्याच्या जागी तर घरातलाही माणूस पारोशाने जात नसे. अशा घरांत प्लेगचे रोगी हुडकण्यासाठी मार्च महिन्यापासून रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोऱ्या शिपायांच्या टोळ्या शिरल्या. नुकताच, फेब्रुवारीत, साथीच्या रोगांचा कायदा झालेला होता. हेतू रोगनिवारणाचा होता, आणि साथ भयंकर होती हेही खरे. तथापि बुटांनी देवघर तुडविले गेले, तेव्हा हेतूचा विचार करण्याइतके स्वास्थ्य कोणाला उरणार? 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यानंतर सरकारने खुनी पकडून देणाऱ्यास वीस हजारांचे बक्षीस लावले, आणि नातू बंधूंना 1827 च्या रेग्युलेशनाखाली चौकशीवाचून अटकेत टाकले.

ह्या धुमाळीत गोपाळराव गोखल्यांचे जे झाले ते मला चापेकरांच्या साहसापेक्षाही अधिक विचारात पाडते. गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याच्या स्नेह्यांनी पत्रांतून कळविलेले शिपायांचे अत्याचार, स्त्रियांवरील अत्याचारासुद्धा, त्यांनी तिकडे जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. परतल्यावर पाहतात तो पुराव्यास कोणी पुढे होईना. आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करावीत, तर त्या दिवसांत त्यांच्यावर काय प्रसंग ओढवेल हे नातूंच्या उदाहरणावरून स्पष्टच होते. गोखल्यांनी नावे दिली नाहीत. त्याऐवजी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड ठरविले, आणि तो कलंक वर्षानुवर्षे त्यांच्या मागे लागला. दुसऱ्यांचे खासगी पत्र राखण्यासाठी स्वतःची अब्रू खर्ची घालणाऱ्या ह्या पुरुषाचे धैर्य पुण्याला तेव्हा ओळखता आले नाही.

पत्रे फोडण्याचा अधिकार मात्र सरकारने लवकरच कायद्यात पक्का बसविला. तारायंत्रावरील संदेश अडविण्याची तरतूद 1885 च्या कायद्यात होती. टपालाची 1898 च्या कायद्यात आली. स्वराज्य आले तरी दोन्ही अधिकार कायम राहिले, आणि 2023 साली हे जुने कायदे रद्द करून नवे आणले तेव्हाही ते नव्या पोशाखात पुढे चालू झाले.

आजच्या पुण्यात शिपायाला माजघरात शिरावे लागत नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये जर्मन बेकरीत आणि ऑगस्ट 2012 मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाल्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे आले, व ते यावेत अशी मागणी नागरिकांचीच होती. गृहसंस्थेच्या फाटकावर पाहुण्याचे नाव, वेळ आणि छायाचित्र रखवालदाराच्या मोबाइलमध्ये जमा होते, आणि ज्यांच्या आजोबांनी ओटीपलीकडे परक्याला येऊ दिले नाही ते ह्या सोयीचे कौतुक करतात. मोबाइल तर देवघरातही बरोबर असतो. कोतवालाची वही आता उंबरठा ओलांडून आत आली आहे. आणि आपला जुना हळवेपणा पावलांच्या आवाजाला सरावलेला असल्यामुळे, जे निःशब्द येते त्यावर तो जागाच होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण शासनाने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवलेली आहे. दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम तपासण्यासाठी 1996 च्या निवाड्यानुसार समित्या नेमल्या जातात. राज्याच्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, सभासदही सचिवच. न्यायाधीश तीत कोणी नाही, आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला मागाहूनसुद्धा तसे कळविण्याची तरतूद नाही.