काम नाही, तरी तापते!

मे २००५. सुट्टीत वडनेर भोलजीला गेलो होतो. बाहेर वऱ्हाडातलं ऊन, घरात लोडशेडिंग आणि मांडीवर लिनक्स टाकलेला लॅपटॉप. मांडी अक्षरशः भाजायची! विंडोजवर अडीच तास चालणारी बॅटरी दीड तासात राम म्हणायची. काका म्हणाले, "काहून रे, काम नाही करत तरी काहून तापते हे?"

प्रश्न अगदी नेमका होता. कर्नल प्रोसेसरला ठरावीक वेळाने उठवतो, तो टायमर टिक. २.४ पर्यंत साध्या पीसीवर सेकंदाला १०० टिक असत. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ ने त्या १००० केल्या, का तर डेस्कटॉप चटपटीत वाटावा! म्हणजे डुलकी लागते न लागते तोच कुणीतरी कडी वाजवणार. आणि गाढ झोपेशिवाय वीज वाचत नाही. (सगळं पाप टिकचं नव्हे, रिकाम्या वेळी प्रोसेसरचा वेग उतरवायचं सेटिंग मीही केलं नव्हतं.)

ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ ने हा आकडा २५० वर आणला. त्यावरही भरपूर वादावादी झाली. खरा उतारा मिळाला एप्रिल २००७ मध्ये: २.६.२१ चा टिकलेस कर्नल, काम नसेल तर टिकच नाही. पाठोपाठ मे महिन्यात इंटेलचं पॉवरटॉप आलं आणि झोपमोड करणाऱ्या प्रोग्रामांची नावंच स्क्रीनवर झळकली. बरेच नामवंत सापडले :)

२००८ च्या उन्हाळ्यात नवा कर्नल घेऊन पुन्हा गावी गेलो. तीच जुनी बॅटरी पावणेदोन तास चालली. लाइट मात्र तोवर आली नव्हती.