कायदेमंडळांतील प्रश्न व उत्तराचे चार प्रकार

(१)

गेल्या वर्षीं घोटीस बाजाराच्या दिवशीं एका रद्दीच्या दुकानांत आम्हांस छापील कागदांचा एक जुडगा मिळाला. कागद फार जुने नव्हते, मोडीची एकही ओळ त्यांत नव्हती. सबब दुकानदारानें ते वजनावरच दिले. मथळा होता ‘तारांकित प्रश्नोत्तरांची यादी’. खालीं महाराष्ट्र विधानसभेंत सभासदांनीं विचारलेले प्रश्न व त्यांस मंत्र्यांनीं दिलेलीं उत्तरें होतीं. सनदा, महजर व निवाडपत्रें जमविणाऱ्या वाचकांस असल्या कागदांत काय गोडी वाटणार, अशी शंका येणें साहजिक आहे. ती शंका दूर करावी, प्रश्नाधिकाराचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत द्यावा व हीं उत्तरें इतिहाससाधन म्हणून कशीं वाचावीं हें सांगावें, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे. आमचें म्हणणें दोन वाक्यांत असें: प्रश्नाचें बळ पहिल्या प्रश्नांत नसून त्यामागून येणाऱ्या उपप्रश्नांत आहे, आणि छापील उत्तर हा निर्णय नव्हे, तें एका पक्षाचें म्हणणें आहे.

(२)

यादींतील प्रश्नाची बांधणी ठराविक असते. आधीं प्रश्नकर्त्याचें नांव व मतदारसंघ, मग संबंधित मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय अशी विचारणा, आणि मग क्रमांकवार पोटप्रश्न. अमुक गोष्ट घडली हें खरें आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. तींत काय आढळून आलें व कोणती कारवाई झाली. नसल्यास, विलंबाचीं कारणें काय. उत्तरेंही तितकींच ठराविक असतात: ‘होय’, ‘हें खरें नाहीं’, ‘अंशतः खरें आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाहीं’.

ज्यांनीं धर्मशास्त्रांतील व्यवहारप्रकरण वाचलें आहे त्यांस ही बांधणी पाहून जुनी ओळख पटल्यासारखें होईल. मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: भाषा म्हणजे फिर्याद, उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि साध्यसिद्धि म्हणजे निकाल. पैकीं उत्तर चार प्रकारचें. कबुली ती संप्रतिपत्ति. नाकबुली ती मिथ्या. गोष्ट कबूल करून तिचें समर्थक कारण दाखविणें तें प्रत्यवस्कंदन. आणि ह्या वादाचा निकाल पूर्वींच लागला आहे असें सांगणें तो प्राङ्न्याय. मंत्र्यांचें ‘होय’ ही संप्रतिपत्ति. ‘हें खरें नाहीं’ हें मिथ्योत्तर. ‘काम अपुरें राहिलें हें खरें, पण निधि उपलब्ध नव्हता’ हें प्रत्यवस्कंदन. आणि ‘याबाबत पूर्वींच निवेदन केलें आहे’ हें प्राङ्न्यायाच्या जवळचें. शास्त्रकारांनीं उत्तराभासही सांगितले आहेत. संदिग्ध, विषय सोडून दिलेलें, अत्यल्प, अतिविस्तृत आणि फिर्यादीच्या एकाच भागास पोंचणारें, अशीं उत्तरें तीं उत्तरेंच नव्हत. ह्या पांचांचीं उदाहरणें हुडकण्यास आम्हांस त्या जुडग्याबाहेर जावें लागलें नाहीं.

ह्यावरून आजचीं प्रश्नोत्तरें स्मृतिग्रंथांतून निघालीं असें कोणी समजूं नये. हा पायंडा विलायतेंतला आहे. तेथील उमरावांच्या सभेंत १७२१ सालीं साउथ सी कंपनीच्या फरारी खजिनदाराविषयीं लॉर्ड कूपर ह्यांनीं मुख्य प्रधानास प्रश्न केला, तो पहिला प्रश्न मानितात. मराठेशाहींत रयतेस दाद मागण्याची वाट होती. अर्ज होता, करीना होता, गोतसभा होती. परंतु कारभाऱ्यास त्याच्या कारभाराचा जाब विचारण्याचा नेमलेला हक्क तेव्हां नव्हता. अर्जास उत्तर देणें ही मेहेरबानी, प्रश्नास उत्तर देणें हें कर्तव्य. भेद आहे तो इतका.

(३)

हिंदुस्थानांत हा हक्क एकदम मिळाला नाहीं. १८५३ च्या सनदेच्या कायद्यान्वयें जें कायदेमंडळ झालें, त्यांतील सभासद राज्यकारभाराविषयीं विचारपूस करूं लागले. सरकारास तें रुचलें नाहीं, आणि १८६१ च्या कौन्सिल कायद्यानें पुढें आलेल्या कायद्याच्या मसुद्यावांचून दुसरी गोष्ट बोलण्याचीच मनाई झाली. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ पासून मुंबईच्या कौन्सिलांत होते व १८८४ त बड्या लाटांच्या कौन्सिलांत गेले. व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति ह्यांची त्यांनीं केलेली आवृत्ति १८८० त निघाली. उत्तराचे चार प्रकार व पांच आभास ज्यास मुखोद्गत, असा हा पंडित वर्षानुवर्षें त्या सभेंत बसला. पण सरकारास एक प्रश्न विचारण्याचा त्यास अधिकार नव्हता. १८८९ त ते वारले.

त्यानंतर तीन वर्षांनीं, १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली. परंतु उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं, मत घ्यावयाचें नाहीं व पुन्हां विचारावयाचें नाहीं. सरकारी सभासद उत्तर वाचून दाखवी व तेथें प्रकरण संपे. बड्या लाटांच्या कौन्सिलांतील पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं अयोध्या प्रांतांतील भिंगा येथील राजांनीं विचारला. फिरतीवरील अंमलदारांस रसद पुरवितांना खेड्यांतील दुकानदारांस जो त्रास होतो, त्याविषयीं तो प्रश्न होता. आमच्या घोटीवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. थळघाटाच्या माथ्यावरील ह्या गांवांस साहेबाचा मुक्काम, शिधा, चारा व वेठ ह्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. हिंदुस्थानांतील पहिला प्रश्न राज्यघटनेसंबंधीं नव्हता, तो वाण्याच्या थकलेल्या पैशांचा होता, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

मुंबई इलाख्याच्या मध्य विभागांतील लोकलबोर्डांच्या वतीनें १८९५ त व पुन्हां १८९७ त लोकमान्य टिळक कौन्सिलांत निवडून गेले. नाशिक जिल्हा ह्याच विभागांत असल्यामुळें इगतपुरी तालुक्याचेही ते प्रतिनिधि होते असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत सरकारच्याच दुष्काळी नियमांवर बोट ठेवून दाद मागावी, हा त्यांचा मार्ग होता. कौन्सिलांत मात्र उत्तर आल्यावर गप्प बसणें भाग होतें. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यानें त्यांची ती कारकीर्द संपली.

१९०९ च्या सुधारणांत उपप्रश्नाचा हक्क आला, पण तो मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. १९१९ च्या कायद्याखालीं तो सर्व सभासदांस मिळाला, आणि आमच्या मतें प्रश्नाधिकार खऱ्या अर्थानें तेव्हांच जन्मला. उत्तरांतील संदिग्धता ज्याच्या लक्षांत येईल तो कोणीही उठून विचारूं शकतो, हें ठाऊक असल्यावर उत्तर लिहिणाऱ्याच्या लेखणीस आपोआप धाक बसतो. त्याच वेळीं शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हीं सोंपीव खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं. मुंबईच्या १९२१ च्या पहिल्या मंत्र्यांत रँग्लर परांजपे हे शिक्षणमंत्री होते. जो गृहस्थ काल फर्ग्युसन कॉलेजांत विद्यार्थ्यांस प्रश्न विचारी, त्यास आतां शाळांविषयीं उत्तरें देण्याची पाळी आली.

ठराव व प्रश्न ह्यांतील नातेंही ह्याच काळांत स्पष्ट झालें. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्या हा रा. सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कौन्सिलांत मंजूर झाला. परंतु ठराव कागदावर असतां तळें बंदच राहूं शकतें, हें १९२७ त महाडास सर्वांस दिसलें. त्याच वर्षीं डॉ. आंबेडकर कौन्सिलांत आले. मंजूर झालेलें अमलांत आलें काय, हें विचारण्यास प्रश्नावांचून दुसरें साधन सभासदापाशीं नसतें.

१९३७ त प्रांतिक स्वायत्तता आली व सर्वच खातीं जबाबदार मंत्र्यांकडे गेलीं. स्वराज्यांत हा अधिकार तसाच चालत आला. मात्र एक बारीक गोष्ट वाचकांनीं पाहावी. आज तारांकित प्रश्नास सभागृहांत तोंडीं उत्तर मिळतें व उपप्रश्न विचारतां येतात. अतारांकितास लेखी उत्तर मिळतें व तेथेंच विषय संपतो. अर्थात् अतारांकित प्रश्न म्हणजे १८९२ चाच प्रश्न होय. सप्टेंबर २०२० त साथीच्या कारणास्तव संसदेच्या अधिवेशनांत प्रश्नोत्तरांचा तास नव्हता. अतारांकितांचीं लेखी उत्तरें तेवढीं मिळालीं. त्या अधिवेशनापुरती संसद सव्वाशें वर्षें मागें गेली होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(४)

आतां उत्तर तयार कसें होतें तें सांगतों. कारण तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेवर होतों तिच्या दोन खोल्या पावसाळ्यांत गळत, व दोन वर्ग देवळाच्या सभामंडपांत बसत. ह्या तालुक्याचा पाऊस ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणें नको. गांवानें तीन वर्षें अर्ज केले. चौथ्या वर्षीं त्याविषयीं विधानसभेंत प्रश्न पडला. प्रश्न मुंबईहून खात्याकडे, खात्याकडून जिल्ह्यास, जिल्ह्याहून तालुक्यास, अशा पायऱ्या उतरत शेवटीं आमच्याच मेजावर आला. सोबत ‘तात्काळ’ असा शिक्का होता. आम्हीं लिहिलें: दोन्ही खोल्या गळतात, तीन अर्ज केले आहेत, तारखा अशा. स्थळप्रत दप्तरीं ठेविली व एक नक्कल स्वतःपाशीं. कागद त्याच पायऱ्यांनीं वर गेला.

त्या प्रश्नाचें छापील उत्तर पाहण्याचा योग तेव्हां आला नाहीं. तो ह्या रद्दींतील जुडग्यानें आणला. उत्तर असें होतें: पहिल्या पोटप्रश्नास ‘अंशतः खरें आहे’, एक खोली नादुरुस्त असून दुरुस्ती प्रस्तावित आहे. विलंबाच्या पोटप्रश्नास ‘प्रश्न उद्भवत नाहीं’. दोन खोल्यांची एक खोली कोणत्या पायरीवर झाली हें सांगतां येत नाहीं, व कोणास दोष देण्याचा आमचा हेतूही नाहीं. शास्त्राच्या भाषेंत हें पक्षाच्या एकदेशास पोंचणारें उत्तर, म्हणजे उत्तराभास. त्यावर उपप्रश्न झाल्याची नोंद त्या कागदांत नाहीं. परंतु न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्न आल्यापासून तीन आठवड्यांत मोजमाप घेण्यास माणूस आला, व पुढच्या मृगापूर्वीं दोन्ही खोल्यांवर नवे पत्रे पडले. जें तीन अर्जांनीं झालें नाहीं तें एका प्रश्नानें झालें. पण उत्तरावरून इतिहास लिहिणारा मात्र एकच खोली गळत होती असें लिहील.

(५)

तात्पर्य, ह्या व्यवहाराचे दोनच पाद बळकट आहेत, भाषा व उत्तर. क्रिया व साध्यसिद्धि हे पाद लंगडे आहेत. सभागृहांत साक्षीपुरावा होत नाहीं. तेथें पुराव्याचें काम उपप्रश्नच करितो. १९५७ त आयुर्विमा महामंडळानें मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतल्याबद्दल लोकसभेंत प्रश्न निघाला. पहिल्या उत्तरानें समाधान न होतां सभासदांनीं तो पुन्हां पुन्हां उकरला. फिरोज गांधी ह्यांनीं त्याची चर्चा घडविली. तेव्हां मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ति छागला ह्यांची चौकशी बसली, व फेब्रुवारी १९५८ त अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनीं राजीनामा दिला. येथें चारही पाद पुरे झाले. पण असे प्रसंग विरळा. ‘कारवाई करण्यांत येईल’ ह्या शब्दांचें पुढें काय होतें हें पाहण्यास लोकसभेनें १९५३ त आश्वासन समिति नेमली, आपल्या विधानमंडळांतही तशी समिति आहे. तिसऱ्या पादास दिलेली ती काठी समजावी.

(६)

संग्राहकांस आमची विनंति आहे ती एवढीच. कुलकर्ण्याच्या दप्तरांतील जमाबंदीचा एखादा कागद मिळाला तर आपण तो कापडांत बांधून ठेवितों; पण ज्या कागदांत दारणा, भंडारदरा, वैतरणा ह्यांच्या पाण्याविषयीं, धरणें उशाशीं असून उन्हाळ्यांत कोरड्या पडणाऱ्या पाड्यांविषयीं, शाळा, दवाखाने व रस्ते ह्यांविषयीं कोणी काय विचारलें व सरकारानें काय म्हटलें हें तारीखवार सांपडूं शकतें, ते कागद आपण वाण्यास पुडीकरितां देतों. शंभर वर्षांनीं ह्या तालुक्याचा इतिहास लिहिणारास हेंच साधन लागेल. मात्र यादी एकटी ठेवूं नये. तिच्या शेजारीं गांवचा अर्ज, शाळेची किंवा ग्रामपंचायतीची स्थळप्रत, व सांपडल्यास कामाचें मोजमाप ठेवावें. महजर वाचतांना आपण वादी व प्रतिवादी ह्या दोघांचे करीने ताडून पाहतों, एकाच्या करीन्यावर निवाडा करीत नाहीं. तोच नियम येथें लावावा.

आमच्या जुडग्यांतील त्या पानास आम्हीं आमची नक्कल टांचून ठेविली आहे. दोन खोल्या व एक खोली आतां एकाच दोऱ्यांत आहेत.