कुलूप, किल्ली आणि सावड

वर्ध्याहून अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर काही फार दूर नाही. महानुभाव पंथाचं ते मोठं स्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, ते तिथंच. आपल्या मराठी गद्याचा हा आरंभ. पण हे धन कित्येक शतकं मराठी माणसाला वाचताच आलं नाही! का बरं? तर ते कुलपात होतं. आणि कुलूप लोखंडाचं नव्हतं, अक्षरांचं होतं.

चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंकलिपी, वज्रलिपी अशी त्यांची नावं. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येई. पंथाबाहेरच्या हाती ग्रंथ पडू नयेत, हा हेतू. ग्रंथ सुरक्षित राहिले खरे; पण पंथाविषयी लोकांत गैरसमजही वाढले. जे वाचता येत नाही, त्याविषयी माणूस वाटेल ते बोलतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचं कोडं उलगडलं. पुढे वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे अशा अभ्यासकांनी हे वाङ्मय लोकांपुढे आणलं.

आता गुरुजींनी वर्गात एक हिशेब करून पाहावा. चौतीस व्यंजनांची अदलाबदल किती रीतींनी करता येईल? उत्तर एकोणचाळीस आकडी येतं! एकेक किल्ली लावून पाहू म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. पण अशा लिपीत एक उणीव असते. भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. ती मोजली की चोर सापडतो. म्हणजे इथं बळापेक्षा युक्ती मोठी.

पण मोजणीच चालू दिली नाही तर? जर्मनांच्या एनिग्मा यंत्रानं नेमकं हेच केलं. कळ दाबली की यंत्राची चाकं फिरत आणि तेच अक्षर दर वेळी निराळं उमटे. १९४२ च्या जुलैत आपल्या वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर अटलांटिक समुद्रात यू-२६४ या जर्मन पाणबुडीनं एक संदेश धाडला. इंग्रजांनी तो टिपला, पण तो उलगडला नाही. १९९५ साली राल्फ अर्स्किन यांनी असे तीन संदेश छापून जगापुढे ठेवले.

मग २००६ च्या जानेवारीत स्टेफान क्राह या जर्मन गृहस्थानं एक सावड घातली. सावड म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एकट्याचं शेत एकट्याच्यानं निघत नाही. म्हणून दहाजण येतात, ओळी वाटून घेतात. इथं शेत होतं किल्ल्यांचं. ज्याचा संगणक रिकामा असेल, त्यानं थोड्या किल्ल्या लावून पाहायच्या आणि निकाल कळवायचा. चाकांच्या मांडण्या सगळ्या तपासायच्या आणि तारांच्या जोडण्या युक्तीनं सुधारत न्यायच्या, अशी रीत होती. २० फेब्रुवारी २००६ रोजी पहिला संदेश फुटला. ‘हल्ल्यामुळे पाण्याखाली जावं लागलं’ अशा अर्थाची ती खबर, त्रेसष्ट वर्षांनी वाचली गेली! दुसरा मार्चमध्ये फुटला, तिसरा २०१३ साली.

या कामाचं अवजार उघडं होतं. त्याची आज्ञावली कुणीही वाचावी, तपासावी, सुधारावी. परक्याचं काम आपल्या घरच्या संगणकावर चालू द्यायचं, तर ते काय करतं हे पाहता आलंच पाहिजे. सावडीला विश्वास लागतो, तो असा.

तुम्ही म्हणाल, अशी अवजारं उघडी ठेवली तर चोराचंच फावेल. शंका रास्त आहे. ‘जॉन द रिपर’ आणि ‘हॅशकॅट’ ही परवलीचे शब्द शोधणारी अवजारं आज उघडी आहेत. चोरही ती वापरू शकतो. पण आपलं कुलूप कच्चं आहे की पक्कं, हे धन्याला कळतं तेही त्यांच्यामुळेच. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगितलं होतं की, कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालावं; गुप्त राहावी ती फक्त किल्ली.

तेव्हा बँकेचा परवलीचा आकडा ठेवताना हिशेब करा. चार आकड्यांच्या किल्ल्या फक्त १०,००० होतात. इंग्रजीची आठ लहान अक्षरं घेतली तर सुमारे २०,८८३ कोटी. हा आकडा मोठा दिसतो. पण संगणकांच्या सावडीपुढे तोही थोडाच. म्हणून किल्ली लांब ठेवा, आणि जन्मतारीख किंवा मुलाचं नाव तर मुळीच नको.

आणि घरात जुनी पोथी असेल, अक्षर लागत नसेल, तर ती रद्दीत टाकू नका. जाणत्याला दाखवा. कोण जाणे, ती किल्लीची वाट पाहत असेल.